घड्याळातून आलेला सूर

स्नेहसंमेलनासाठी महाविद्यालयाच्या सिंथेसायझरवर जुन्या वाद्यांच्या आवाजांचा एकच संच घेता येणार होता. मी हॅमंड ऑर्गन निवडला, तो त्याच्या निर्मात्यामुळे. लॉरेन्स हॅमंड यांचा जन्म १८९५ साली अमेरिकेतील इव्हॅन्स्टन येथे झाला. शिक्षणाने ते अभियंता, व्यवसायाने घड्याळांचे कारखानदार. मंदीच्या काळात त्यांनी घड्याळात वापरतात तशाच विद्युत मोटरवर लोखंडी चक्रे फिरवून सूर काढले. १९३४ साली पेटंट मिळवले. नळ्यांचा महागडा ऑर्गन न परवडणाऱ्या लहान चर्चनाही त्यामुळे संगीत लाभले. हॅमंड यांना स्वतःला मात्र वाजवता येत नसे! १९७३ साली ते निवर्तले. मलाही धड वाजवता येत नाही. पण आता वाद्यापुढे बसताना संकोच वाटत नाही.