शिष्यवृत्तीने घडविलेले आचार्य प्रफुल्लचंद्र राय

भारतातील आधुनिक रसायनशास्त्राचे प्रवर्तक आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी सध्याच्या बांगलादेशातील राडुली येथे झाला. वडील जमीनदार होते; परंतु कर्जापायी घराची स्थिती खालावली आणि मुलाला स्वखर्चाने विलायतेस पाठविणे अशक्य झाले.

कोलकात्यात बी. ए.चे शिक्षण घेत असतानाच प्रफुल्लचंद्रांनी गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीच्या स्पर्धा परीक्षेची तयारी आरंभिली. त्यासाठी अनेक भाषांचे ज्ञान आवश्यक असल्याने संस्कृतबरोबरच लॅटिन व फ्रेंचचाही अभ्यास केला. मोजक्या आप्तांखेरीज कोणालाही त्यांनी याचा सुगावा लागू दिला नाही. त्या वर्षी भारतातून निवडल्या गेलेल्या दोघांपैकी ते एक होते. दुसरे मुंबईचे पारशी विद्यार्थी होते.

१८८२ मध्ये ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले. १८८७ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यानंतर होप शिष्यवृत्तीमुळे त्यांना आणखी एक वर्ष संशोधन करता आले. मायदेशी परतल्यावर १८८९ पासून त्यांनी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अध्यापन केले आणि ‘बेंगॉल केमिकल’ हा उद्योग उभारला.

शिष्यवृत्तीचे मोल जाणणारे आचार्य आजन्म अविवाहित राहिले. साठी गाठल्यावर, १९२१ पासून, त्यांनी आपले विद्यापीठीय वेतन कलकत्ता विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागासाठीच अर्पण केले. १६ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.