फुलाला जाब विचारणारा मुख्याध्यापक

फूल कशासाठी फुलते? कवी म्हणेल, सौंदर्यासाठी. भाविक म्हणेल, देवाच्या पूजेसाठी. अठराव्या शतकात जर्मनीतील एका मुख्याध्यापकाने हा प्रश्न खुद्द फुलालाच विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत त्याचा पिच्छा सोडला नाही. त्याचे नाव ख्रिस्तियन कोनराड श्प्रेंगेल.

त्याचा जन्म 1750 मध्ये ब्रांडेनबुर्ग गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. हाले येथे त्याने धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. 1780 मध्ये तो बर्लिनजवळच्या स्पांडाऊ येथील शाळेचा प्रमुख झाला. वनस्पतिशास्त्राशी त्याचा काही संबंध नव्हता. हाइम नावाच्या डॉक्टरच्या सहवासात त्याला या शास्त्राची गोडी लागली आणि शाळेबाहेरचा त्याचा वेळ रानावनात जाऊ लागला.

1787 च्या उन्हाळ्यात रानटी जिरेनियमचे फूल न्याहाळताना पाकळ्यांच्या तळाशी असलेली बारीक लव त्याला दिसली. दुसरा कोणी असता तर पुढे गेला असता. श्प्रेंगेल थांबला. निसर्ग एक केसही विनाकारण निर्माण करीत नाही, अशी त्याची श्रद्धा होती. त्या लवेखाली मध साठलेला होता. पावसाचे थेंब लवेवर अडत, पण कीटकाला मधापर्यंत सहज जाता येई. मग हा मध कीटकांसाठीच असला पाहिजे! पुढच्या वर्षी त्याने फर्गेट-मी-नॉटचे निळे फूल पाहिले. त्याच्या मध्यभागी नळीच्या तोंडाशी पिवळे कडे होते. मध कोठे आहे हे पाहुण्याला दाखविणारी ती खूण होती.

हळूहळू फुलाचा सारा संसार त्याला उलगडू लागला. रंगीत पाकळ्या म्हणजे दुरून दिसणारी पताका. सुगंध म्हणजे आमंत्रण. मध म्हणजे मोबदला. मधाच्या वाटेवर पुंकेसर आणि कुक्षी अशा बेताने उभे असतात, की कीटकाच्या अंगाला पराग लागावेत आणि ते दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पडावेत. कित्येक फुलांत पुंकेसर व कुक्षी एकाच वेळी पक्व होत नाहीत, हेही त्याने पाहिले. अशा फुलाला स्वतःचे पराग उपयोगी पडत नाहीत. उलट, ज्यांना रंग, गंध, मध नाही ती फुले वाऱ्यावर विसंबतात व हलके पराग विपुल प्रमाणात तयार करतात. काही ऑर्किड फुले तर मध नसतानाही मधाचा देखावा करून कीटकांना फसवितात, असेही त्याने नोंदविले.

1793 मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 460 जातींच्या फुलांचे वर्णन आणि 25 ताम्रपट चित्रे होती. पण विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. फुलाच्या रचनेमागे असा हेतू शोधणे गटेसारख्यालाही पटले नाही. दुसरा भाग कधी निघालाच नाही. इकडे शाळेतही पालकांशी व वरिष्ठांशी खटके उडत होते. 1794 मध्ये त्याला निवृत्त व्हावे लागले. बर्लिनमध्ये शिकवण्या करीत त्याने उरलेले आयुष्य काढले. 1811 मध्ये मधमाश्यांची उपयुक्तता सांगणारी एक पुस्तिका त्याने लिहिली आणि 1816 मध्ये तो जवळजवळ विस्मृतीतच वारला.

1841 मध्ये रॉबर्ट ब्राउन या शास्त्रज्ञाने तो ग्रंथ वाचण्याची शिफारस चार्ल्स डार्विनला केली. श्प्रेंगेलने फुलांची धडपड पाहिली होती, पण पराग दुसऱ्या फुलाचेच का हवेत, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. ते डार्विनने दिले: परपरागणातून होणारी संतती बहुधा अधिक जोमदार असते. मात्र ऑर्किडच्या फसवेगिरीवर डार्विनचाही विश्वास बसला नाही. पुढील संशोधनाने तेथे श्प्रेंगेलच खरा ठरला.

आज त्याचे एकही चित्र उपलब्ध नाही. शास्त्राची पदवी नसलेल्या या शिक्षकाजवळ दोन डोळे आणि एक प्रश्न एवढेच भांडवल होते. आपल्या महाविद्यालयाच्या कुंपणावरही फुले उमलतात. तो प्रश्न त्यांना विचारायला कला शाखेच्या विद्यार्थ्याला कोणाची आडकाठी आहे?