सोमेश्वर तिसरा : ओतीव मूर्ती आणि ओवी

मराठीच्या पूर्वेतिहासात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याचे नाव आपल्याला हमखास भेटते. विक्रमादित्य सहावा याचा हा पुत्र इ. स. ११२६ च्या सुमारास गादीवर आला. दक्षिणेत होयसळ मांडलिक प्रबळ होत होते. सोमेश्वराचा ओढा मात्र विद्येकडे होता.

शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजनीतीबरोबर पाकक्रिया आहे आणि धातूची मूर्ती ओतण्याची रीतही आहे. प्रथम मेणाची मूर्ती घडवून तिला नळ्या जोडाव्यात. तिच्यावर मातीचे तीन लेप द्यावेत व ते सावलीत वाळवावेत. मग साचा तापवून मेण काढून टाकावे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतावा. मेण आधीच तोलून ठेवावे, कारण चांदी त्याच्या बारापट आणि सोने सोळापट लागते. हे कारागिरांचे ज्ञान राजाने ग्रंथात नोंदवले, हे लक्षात घ्या.

याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ओवीच्या प्राचीनतेचा हा मोलाचा पुरावा होय.

इ. स. ११३८ च्या सुमारास सोमेश्वराचे निधन झाले. त्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांचे राज्यही मावळले; ग्रंथ तेवढा उरला. आपण विसरवाडी परिसरात राहत असाल, तर घरातील वृद्ध स्त्रियांची कांडणाची गाणी त्यांच्याच बोलीत, गाव व तारखेसह लिहून ठेवा.