हसमुख धीरजलाल सांकलिया

हसमुख धीरजलाल सांकलिया (१० डिसेंबर १९०८, मुंबई – २८ जानेवारी १९८९, पुणे) हे भारतीय पुरातत्त्वज्ञ, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वाचे प्राध्यापक आणि महाराष्ट्राच्या प्रागैतिहासिक संशोधनाचे अग्रणी होते. उत्खननात सापडलेली वस्तू कोणत्या काळातील आहे, एवढ्यावर न थांबता ती कशाची व कोणत्या रीतीने बनविली याचा शोध घेण्याची शिस्त त्यांनी आपल्या विभागात रुजविली.

शिक्षण

सांकलियांचे घराणे गुजराती भाषिक होते. मुंबई विद्यापीठात संस्कृतचे अध्ययन केल्यानंतर ते सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली आले. नालंदा विद्यापीठावरील त्यांचा एम.ए.चा प्रबंध १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे लंडन विद्यापीठात गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहून त्यांनी पीएच.डी. पदवी मिळविली. इंग्लंडमधील वास्तव्यात त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल येथील उत्खननात काम केले. जमिनीचे थर काटेकोरपणे वेगळे ओळखणे आणि प्रत्येक वस्तूची नोंद ती ज्या थरात सापडली त्यासह करणे, हा धडा त्यांना तेथे मिळाला. ग्रंथालयात घडलेला हा अभ्यासक तेथून मैदानात उतरला.

डेक्कन कॉलेज

१९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि त्याच वर्षी सांकलिया तेथे रुजू झाले. त्या काळी महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास म्हटला की तो सातवाहन आणि लेणी यांच्यापासून सुरू होई. त्याआधीच्या माणसाविषयी सांगण्याजोगे फारच थोडे हाती होते. लेखी साधनांचा जेथे संपूर्ण अभाव आहे, तेथे दगड, खापरे आणि धातूचे तुकडे हीच साधने होत; आणि ती वाचण्याची रीत ठरविल्याशिवाय तो इतिहास लिहिणे शक्य नव्हते.

१९४१ पासून त्यांनी गुजरातेत प्रागैतिहासिक स्थळांची पाहणी हाती घेतली. त्यातील लांघणज हे स्थळ विशेष महत्त्वाचे ठरले. तेथे सूक्ष्मास्त्रांबरोबर मानवी सांगाडे सापडले आणि त्यांच्या अभ्यासात मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा सहभाग होता. लांघणजचा परिसर वाळूच्या टेकाडांचा असून तेथे दगड मिळत नाही. म्हणजे हत्याराचा प्रत्येक तुकडा बाहेरून आणलेल्या दगडाचा होता. वस्तू कशाची आहे हे कळले की ती आणणाऱ्या माणसाची वाटचालही कळू लागते, याचे हे साधे उदाहरण आहे.

दगडी हत्यारांचे तंत्र

दगड माणसाने फोडला की नदीच्या प्रवाहात आपटून फुटला, हा प्रागैतिहासाच्या अभ्यासकापुढील पहिला प्रश्न असतो. हेतुपूर्वक घाव घातलेल्या छिलक्यावर घावाच्या जागेजवळ फुगवटा उठतो. उरलेल्या गाभ्यावर तितकाच खोलगट व्रण राहतो. हे व्रण कोणत्या दिशेने आणि कोणत्या क्रमाने पडले हे पाहून हत्यार घडविण्याच्या पायऱ्या उलगडता येतात. नाशिकजवळील गंगापूर येथे गोदावरीच्या काठी मिळालेल्या हातकुऱ्हाडी आणि नेवाशाजवळ प्रवरेच्या गाळथरांतील अवजारे यांचा अभ्यास सांकलियांनी याच दृष्टीने केला. नेवाशाच्या थरांत जुन्या, जड हत्यारांच्या वर बारीक पोताच्या दगडाची लहान, छिलक्यांची हत्यारे मिळाली, आणि मध्य पुराणाश्मयुगाचा स्वतंत्र टप्पा येथे थरांनिशी दाखविता आला.

ताम्रपाषाणयुगातील लांब, समांतर कडांची पाती हा याच अभ्यासाचा अधिक नाजूक भाग आहे. अकीक किंवा चर्टच्या गोट्याच्या एका बाजूस दोन्हीकडून आलटून पालटून टवके काढून कंगोरा तयार करीत. पहिले पाते त्या कंगोऱ्याच्या रेषेने निघे आणि त्याने सोडलेल्या कडांच्या आधारे पुढची पाती एकामागून एक सरळ सुटत. अशी पाती लाकडात वा हाडात बसवून सुरी किंवा विळा होई. तांबे माहीत असूनही दगडी पाती टिकून राहिली, कारण तांबे दुर्मीळ होते. दगडी हत्यारांची तंत्रे, नावे आणि संभाव्य उपयोग यांवरील सांकलियांचे इंग्रजी पुस्तक १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना ते दीर्घकाळ उपयोगी पडले. भारतातील प्रागैतिहासिक तंत्रज्ञानावरही त्यांनी १९७० मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

जोर्वे, नेवासे, इनामगाव

१९५०-५१ मध्ये नाशिक आणि संगमनेरजवळील जोर्वे येथे उत्खनन झाले. जोर्व्याची मडकी चाकावर घडविलेली, तांबूस पृष्ठभागावर काळ्या रंगाने चितारलेली आणि इतकी चांगली भाजलेली आहेत की टिचकी मारली असता धातूसारखा नाद येतो. खापराच्या नुसत्या नादावरून भट्टीतील उष्णतेचा अंदाज येतो, ही गोष्ट नवख्या विद्यार्थ्याला नेहमीच नवलाची वाटते. याच ठिकाणी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. एकीच्या रासायनिक पृथक्करणात तांब्यात अल्प प्रमाणात कथील आढळले.

नेवासे येथील १९५४ ते १९५६ च्या उत्खननात एका बालकाच्या दफनात गळ्याभोवती तांब्याचे मणी मिळाले. कापड किंवा दोरा आपल्या हवामानात हजारो वर्षे टिकत नाही. परंतु तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांतील दोरा काही अंशी शिल्लक राहिला होता. वस्त्रतंतूंचे तज्ज्ञ ए. एन. गुलाटी यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम यांचे तंतू असल्याचे त्यांना दिसले. हा अहवाल डेक्कन कॉलेजने १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच पुस्तकात लांघणजच्या प्राण्यांच्या हाडांवर ज्यूलिएट क्लटन-ब्रॉक यांचे, तर नर्मदाकाठच्या नावडातोलीतील जळक्या धान्यावर विष्णु-मित्रे यांचे संशोधन आहे. खोदणाऱ्याने प्राणिशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि रसायनज्ञ यांच्याकडे जाण्याची ही वहिवाट त्या वेळी भारतात नवी होती. पुढे या शाखांच्या प्रयोगशाळा डेक्कन कॉलेजातच उभ्या राहिल्या.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ मध्ये सुरू झालेले उत्खनन १९८३ पर्यंत चालले. म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी हे त्यात त्यांचे सहकारी होते. घरांबरोबरच कुंभाराची आणि चुना भाजण्याची भट्टी येथे उजेडात आल्याने, वस्तूंबरोबर त्या घडविणाऱ्यांची जागाही निश्चित करता आली.

वादग्रस्त मते

नावडातोली येथील पन्हळीसारख्या तोटीची वाडगी आणि इराणमधील प्राचीन मडकी यांच्या आकारातील साम्यावरून सांकलियांनी ताम्रपाषाण संस्कृतींचा पश्चिम आशियाशी, क्वचित आर्यांशीही संबंध सुचविला. हे मत पुढील संशोधकांनी फारसे स्वीकारले नाही. केवळ आकाराच्या साम्यावर असा निष्कर्ष उभारणे दुबळेच होते; मडके कोठल्या मातीचे आणि कोणत्या हातोटीने घडविलेले, ही कसोटी त्यांनी स्वतः इतरत्र लावली होती, ती येथे तितक्या कठोरपणे लावलेली दिसत नाही. रामायणावरील त्यांच्या १९७३ च्या पुस्तकाने लंका मध्य भारतात असावी असे मत मांडले आणि त्यावरून वाद झाला.

शिष्यपरंपरा आणि अखेर

शां. भा. देव, वि. ना. मिश्र, ढवळीकर, अन्सारी असे अनेक संशोधक त्यांच्या विभागातून पुढे आले. यांपैकी देव यांनी नागपूर विद्यापीठात असताना विदर्भाकडे लक्ष वळविले. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील स्तूपांबरोबरच टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथील महापाषाणयुगीन शिलावर्तुळे त्यांनी खोदली. नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी, मातीच्या नळ्या आणि लोहमळ मिळाला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात लोखंड तयार होत होते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. तयार कुऱ्हाडींवरून एवढे ठामपणे सांगता आले नसते.

सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. म. श्री. माटे यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील पुरातत्त्वावर मराठीत ग्रंथ सिद्ध केला. ‘बॉर्न फॉर आर्किऑलॉजी’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. इनामगावच्या उत्खननाचा अहवाल १९८८ मध्ये छापून आला, आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले.