लघुरेल्वेचे शिल्पकार जॉन ॲलन

रेल्वेच्या लघुप्रतिकृती घडविणाऱ्या छंदिष्टांच्या जगात अमेरिकेचे जॉन ॲलन यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. मिसुरी राज्यातील जॉप्लिन येथे १९१३ मध्ये जन्मलेले ॲलन व्यवसायाने छायाचित्रकार होते.

कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे घराच्या तळघरात त्यांनी १९५० च्या दशकात आपली तिसरी व सर्वांत मोठी रेल्वे उभारण्यास प्रारंभ केला. तिचे नाव त्यांनी गमतीने 'गोरी अँड डिफीटेड', म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत, असे ठेवले. मूळच्या ८७ व्या हिश्श्याएवढ्या मापाच्या या विश्वात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, दऱ्या व पूल होते. नव्याकोऱ्या चकचकीत गाड्यांऐवजी ॲलन यांनी काजळलेली इंजिने, गंजलेले डबे आणि जीर्ण घरे घडविली. आरसे बसवून देखावा दूरवर पसरल्याचा भास निर्माण केला. ही रेल्वे ते पाहुण्यांना दाखवीत. छायाचित्रांद्वारे ती मासिकांच्या वाचकांपर्यंतही पोहोचली.

६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यानंतर १० दिवसांनी लागलेल्या आगीत सुमारे दोन दशकांचे हे काम बहुतांशी भस्मसात झाले. मात्र त्यांनी स्वतः टिपलेल्या छायाचित्रांत ते टिकून राहिले आणि पुढील पिढ्यांना मार्गदर्शक ठरले.