यंत्राला शब्द शिकविणाऱ्या ग्रेस हॉपर

अमेरिकी नौदलात रिअर अॅडमिरलपदापर्यंत पोहोचलेल्या ग्रेस हॉपर मूळच्या गणिताच्या प्राध्यापक. जन्म न्यूयॉर्कचा, ९ डिसेंबर १९०६ चा. येल विद्यापीठाची डॉक्टरेट १९३४ मध्ये मिळाली. महायुद्धामुळे १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि हार्वर्डमधील ‘मार्क वन’ या अवाढव्य गणकयंत्राशी त्यांची गाठ पडली.

त्या काळी यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या आकड्यांत आणि चिन्हांत. हिशेब ठेवणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्याला ही लिपी परकी होती. त्याला बीजगणित शिकविण्यापेक्षा यंत्रालाच इंग्रजी शब्द शिकवावेत, हा हॉपर यांचा आग्रह. ‘ए-झीरो’ हा त्यांचा कम्पायलर १९५२ मध्ये तयार झाला, तरी संगणक केवळ आकडेमोड करतो, असेच त्यांना ऐकविले जाई.

पुढे १९५५ च्या सुमारास त्यांनी कंपनीच्या वरिष्ठांना इंग्रजी शब्दांत लिहिलेला छोटा प्रोग्राम चालवून दाखविला. यंत्राच्या लेखी शब्द म्हणजे निव्वळ खुणा. म्हणून तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालविला. वरिष्ठ हरखण्याऐवजी हबकले. अमेरिकेत घडलेल्या यंत्राला परदेशी भाषा कळावी, हे त्यांच्या पचनीच पडेना! अखेर फक्त इंग्रजीच वापरण्याची हमी हॉपर यांना द्यावी लागली. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ साकारली आणि १९५९ मध्ये आखणी सुरू झालेल्या ‘कोबॉल’चा ती मुख्य आधार ठरली. अनेक बँकांचे हिशेब आजही कोबॉलवर चालतात.

उतारवयातही व्याख्यानांत त्या फूटभर तारेचे तुकडे वाटत; एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त किती अंतर कापते, हे श्रोत्यांना हाती धरून पाहता यावे म्हणून. नौदलातून १९८६ मध्ये त्या ७९ व्या वर्षी निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.