श्वास मोजणारे स्वामी

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास सासूबाईंच्या खोलीतून आवाज आला. हाक नव्हतीच ती, नुसती घरघर होती. दिवा लावून बघते तर त्या खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून, खांदे वर ओढून बसलेल्या. ओठ काळेनिळे. बाहेर आपल्या मालवणचा तो धो धो पाऊस. शेजारच्या रिक्षावाल्या भावजींना उठवलं, सरकारी दवाखाना गाठला. ऑक्सिजन लावला, मशीनने वाफ दिली, तेव्हा पहाटे कुठे श्वास जागेवर आला.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, पंप कधीपासून बंद? मी तर म्हटलं, बंद नाहीच. मग सासूबाईंनीच हळूच सांगितलं. आठ दिवसांपूर्वी जवळच्या एका गावात शिबिर झालं होतं. तिथल्या एका गृहस्थांनी, प्राणायाम केला की शरीरात भरपूर ऑक्सिजन जातो, पंप फेकून द्या, असं सांगितलं होतं. वर लोणावळ्याच्या कुवलयानंद स्वामींचं नाव घेतलं होतं. सासूबाईंनी पंप तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यात विडीला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे चुडतं आणि सोडणं फुंकली. त्याच धुराने फुप्फुसं खाल्ली, असं डॉक्टर म्हणाले.

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या दिवशी मला शिबिरवाल्यांपेक्षा त्या स्वामींचाच जास्त राग आला होता. कुठले कोण, आणि त्यांच्या नावावर माझ्या घरचं माणूस जायची वेळ आली! घरी आल्यावर वाचनालयातून मिळेल ते त्यांच्यावरचं आणि त्यांचं वाचून काढलं. आणि चकितच झाले.

स्वामी कुवलयानंद म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोद्याजवळच्या डभोईचा. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. आई सरस्वतीबाई गृहिणी होत्या, एवढीच एक ओळ त्यांच्याबद्दल मिळते. थोरांच्या चरित्रात आयांच्या वाट्याला बहुधा एवढंच येतं! मुलगा मात्र हुशार. १९०३ च्या मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोदा कॉलेजात शिकताना राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलं, देशाचं वारं अंगात शिरलं आणि लग्न करायचं नाही असं ठरवून टाकलं. पदवीनंतर खानदेशात अमळनेरला शिकवायला गेले, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इंग्रज सरकारच्या रोषामुळे ते कॉलेज १९२० मध्ये बंद पडलं.

त्याच सुमाराला नर्मदेकाठच्या मालसरला राहणारे परमहंस माधवदास त्यांना गुरू म्हणून भेटले. त्यांच्याकडे योग शिकले. दुसरा एखादा असता तर तिथेच भस्म लावून बसला असता. पण गुण्यांच्या डोक्यात मास्तर होता. गुरू सांगतात ते खरं, पण ते शरीरात होतं कसं, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून १९२०-२१ मध्ये ते थेट बडोद्याच्या दवाखान्यात गेले आणि आपल्या विद्यार्थ्यांना क्ष-किरण यंत्रापुढे उभं करून उड्डियान आणि नौली करायला लावली.

उड्डियान म्हणजे सगळा श्वास बाहेर सोडायचा आणि हवा आत न घेता छाती फुलवायची. पोट आपोआप आत, वर ओढलं जातं. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. हा पडदा खाली-वर होतो म्हणून आपला श्वास चालतो. उड्डियानात तो किती वर चढतो, हे त्यांनी यंत्रावर पाहिलं. पुढे नौली करताना आतड्यातला दाब मोजला, तर तो बाहेरच्या हवेपेक्षाही कमी भरला. पोटात निर्माण होणाऱ्या त्या पोकळीला त्यांनी गुरूंचंच नाव दिलं, माधवदास पोकळी. शोध लावला स्वतः आणि नाव दिलं गुरूंचं, हे मला फार आवडलं.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिकही. आश्रम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आरती-प्रसाद येतो. इथे प्रयोगशाळा होती. दाब मोजायची, श्वासातले वायू तपासायची साधनं होती. काय केलं, किती भरलं, ते सगळं त्रैमासिकात छापायचे. १९२७ मध्ये गांधीजींना रक्तदाबाचा त्रास होता, तेव्हा कोणती आसनं कशी करावीत हे स्वामी त्यांना पत्रांतून सांगत. मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरूही लोणावळ्याला येऊन गेले.

आता मी ज्या पानावर थबकले, ते सांगते. प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही सगळे म्हणत. स्वामींनी ते मोजून पाहिलं. प्राणायामात श्वास लांब होतो खरा, पण मिनिटातले श्वास कमी होतात, मध्ये रोखलेलाही असतो. हिशेब केला तर नेहमीच्या श्वासापेक्षा ऑक्सिजन काही फार जास्त मिळत नाही. हे त्यांनी लपवलं नाही. १९३१ च्या प्राणायाम या पुस्तकात त्यांनी प्राणायामाचा फायदा मज्जातंतूंना लागणारं वळण आणि पोटातल्या इंद्रियांना होणारी हालचाल यांत आहे, असा विचार मांडला. म्हणजे शिबिरातल्या गृहस्थांनी ज्यांचं नाव घेतलं, त्यांनीच ती ऑक्सिजनची समजूत नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी खोडून काढली होती. माझा राग तिथेच गळाला. खरं तर थोडी लाजच वाटली.

त्यांनी डॉक्टरांना कधी परकं मानलं नाही. १९३६ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ ईश्वरदास चुनिलाल आरोग्य केंद्र उभं राहिलं. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचं कामही त्यांनी केलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्यात जुनाट दुखण्यांसाठी योगाचं रुग्णालय निघालं. डॉ. विनेकरांबरोबर लिहिलेलं त्यांचं योगोपचारावरचं पुस्तक १९६३ मध्ये चक्क सरकारच्या आरोग्य खात्याने काढलं. १८ एप्रिल १९६६ ला ते गेले, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी योगमीमांसेत दम्यावरच्या यौगिक उपचारांचा अहवाल आला. दम्याचं ते काम नंतर जगभर चालू राहिलं. २०१६ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दम्याच्या रुग्णांना योगाने थोडासा आराम पडतो असं दिसलं. थोडासाच. पंप सुटतो असं कुठेही नाही.

दवाखान्यातली एक गोष्ट राहिली. चौथ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताई आल्या. हात चोळून गरम केले, सासूबाईंच्या बरगड्यांवर ठेवले आणि श्वास सोडताना अगदी हलका दाब द्यायला लागल्या. बाहेरदेशी या हातांच्या उपचाराचं अख्खं शास्त्र आहे, ऑस्टिओपॅथी, असं त्यांच्याकडून कळलं. अमेरिकेतल्या अँड्र्यू स्टिल नावाच्या डॉक्टरने ते काढलं. १८६४ च्या मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वासच उडाला. १८९२ मध्ये त्याने शाळा काढली, तर पहिल्याच वर्गात बायकांनाही घेतलं! न्यूमोनियाच्या वयस्कर रुग्णांना आजही तिथे बरगड्या उचलणं आणि श्वासपटल वर घुमटासारखं करणं हे उपचार देतात. वाचताना मला एकदम उड्डियानच आठवलं. तोच पडदा, फक्त इथे दुसऱ्याचा हात बाहेरून काम करतो.

स्वामींसारखंच तिथल्या लोकांनीही मोजून पाहिलं. २०१० मध्ये पन्नाशीपुढच्या ४०६ न्यूमोनिया रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना औषधं चालूच होती. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर ठळक फरक नव्हता. ज्यांनी उपचार पुरे केले तेवढ्यांचाच पाहिला, तर ते फक्त औषधांवर असलेल्यांपेक्षा साधारण एक दिवस आधी घरी गेले. आणि ज्यांना नुसताच हलका हात लावला होता, त्यांच्यात आणि यांच्यात दवाखान्यातल्या दिवसांचा मोठा फरक नव्हता. त्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले.

म्हणून घरी तेल लावून आजीची छाती रगडू नका हं. या वयात हाडं ठिसूळ होतात, जोर लागला तर बरगडी मोडते. उड्डियानही म्हातारपणी, रक्तदाब किंवा हर्निया असताना स्वतःहून करायचं नसतं.

सासूबाईंना ताईंनी सोपं शिकवलं आहे. नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. आधी त्यांना ते जमेना. मग मी म्हटलं, आई, फुंकणीने चूल फुंकता ना, तसंच, पण हळू. लगेच जमलं. आता सकाळी पंपाचे दोन झोत घेतात, चूळ भरतात आणि पडवीत बसून फुंकर घालतात. चूल मागच्या दिवाळीलाच बंद केली. फुंकणी मात्र त्यांनी टाकू दिली नाही, ती अजून खुंटीला टांगलेली आहे.